जुनी धार

बाबांनी चाकू दातांनी उघडला.

आई आठवडी बाजाराला गेली होती. ती रस्त्याच्या वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ते खाटेवर गप्प पडून राहिले. मग उठून बसले, उशीखालचं तेलकट फडकं काढलं, त्यातला घडीचा चाकू गुडघ्यांत धरला, पात्याच्या पाठीवरची खाच दातांत पकडली आणि मान मागे नेली. पातं बाहेर आलं. उजवा हात मांडीवर पालथा पडून होता. त्या हाताकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"वना, मागच्या झाडाची एक डोळकाडी आण," ते म्हणाले. "चांगली पाहून आण."

"कायले?"

"आण म्हटलं की आणावं, बाई."

आमच्या परसात संत्र्याचं एक जुनं झाड होतं. मी त्याची पेन्सिलीएवढी फांदी कापून आणली आणि पानं छाटून नुसती देठं ठेवली. अशा फांदीला आमच्याकडे डोळकाडी म्हणतात. प्रत्येक देठाच्या बगलेत एक बारीक, फुगीर डोळा असतो. तो सालीसकट ढालीच्या आकारात काढायचा, जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या खोडाला काप देऊन त्याच्या सालीखाली सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा लागला की पुढे जंभेरीच्या मुळांवर संत्र्याचं झाड वाढतं. वरूडकडच्या आमच्या भागातल्या बागा अशाच उभ्या राहिल्या आहेत. बाबा, पुंडलिक अकर्ते, हे काम करणाऱ्यांपैकी एक. त्यांचे वडीलही तेच करत. चाकू त्यांचाच होता.

बाबांनी काडी गुडघ्यांत दाबून धरली आणि डाव्या हाताने डोळ्याखालून पातं घातलं. अर्ध्यावर पातं वर उसळलं. डोळा मधोमध छाटला गेला.

"हात्तिच्या!"

दुसरा डोळा. पुन्हा तेच. तिसऱ्याला त्यांनी श्वास रोखून धरला होता. तोही गेला.

"या हाताले अक्कलच नाही," ते म्हणाले. "आजवर नुसतं दुसऱ्याचं पाहत बसला."

मी हसले नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. चाकू मिटून ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी मात्र छाटलेला तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग चाकू खाटेच्या कडेवर ठेवला.

"आता तू काप."

"मी?"

"मंग कोण? शेजारीण?"

"तुमीच म्हटलं होतं कापत नको जाऊ म्हणून."

"म्हटलं असन. काप."

मी डावखुरी. जेवायला आणि लिहायला आईनं उजवा हात लावला, तो मी शिकले. पण काही कापायचं असलं की चाकू आपोआप डाव्या हातात जायचा. दोन हंगाम बाबांनी मला याच चाकूनं डोळा काढायला शिकवलं होतं. माझ्याबरोबर माझा चुलतभाऊ मोरेश्वर शिकत होता. त्याचे डोळे लागत, माझे वाळून जात. तिसऱ्या हंगामात बाबा म्हणाले, "वना, तू बांधत जा. तुहा गाठीचा हात चांगला हाय." ते रागानं म्हणाले नव्हते. आमच्याकडे तसंही माणसं कापतात आणि बाया बांधतात, म्हणून त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं, पण मी बोलले नाही. एखादी बाग बहरली की लोक सांगत, ही पुंडलिकच्या हातची. ज्या बाईनं पट्टी बांधली तिचं नाव कोणी घेत नसे.

मी डाव्या हातात चाकू घेतला आणि डोळ्याखालून पातं ओढलं. पातं उसळलं. डोळा मधोमध गेला.

बाबांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला. आपले तीन आणि माझा एक, असे चारही खाटेच्या लाकडावर शेजारी शेजारी लावले. चारही तुकड्यांचा काप एकाच जागी वर चढला होता, एकाच बाजूला कललेला होता. एकाच माणसानं कापल्यासारखे दिसत होते.

"तवाही असंच होत होतं?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"दर खेपेला?"

"दर खेपेला. तुमी तर समोर बसून पाहत होते."

"मी मेलेला डोळा पाहत होतो," बाबा म्हणाले. "काप कसा गेला ते नाही पाहिलं."

त्यांनी पातं उजेडात धरून उलटसुलट फिरवलं. एक बाजू काचेसारखी सपाट होती. दुसऱ्या बाजूला धारेकडे जाणारा उतार होता. उजव्या हातानं कापताना सपाट बाजू काडीकडे येते आणि पातं सरळ जातं. डाव्या हातात चाकू आला की उतार काडीकडे येतो आणि पात्याला बाहेर ढकलतो. हे मी आता एका वाक्यात सांगते आहे. तेव्हा आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण माझ्याआधी तो चाकू आमच्या घरात डाव्या हातात गेलाच नव्हता. माझ्या हातात गेला तेव्हा सगळ्यांनी हाताकडे पाहिलं होतं.

बाबांनी मांडीवर दाबून चाकू मिटला.

"काड्या चुलीत टाक," ते म्हणाले. "मायले सांगू नको."

*

त्याच वर्षी पोळ्याच्या आठवड्यात बाबा शेतात वाफे बांधत असताना पडले होते. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, काठी घेऊन ते अंगणात फिरू लागले. हात आला नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हात येईल किंवा येणारही नाही, वेळ लागेल. आईनं त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. घरी आल्यावर तिनं चाकूला तेल लावलं, फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या हातानं बाबांच्या उशीखाली ठेवला. "हात आला की शोधा नाही लागला पाहिजे," ती म्हणाली. तेव्हापासून तो तिथं होता. रोज सकाळी बाबा उठले की आधी उशीखाली पाहत आणि मग उजव्या हाताची बोटं मिटायचा प्रयत्न करत. बोटं जागची हलत नसत. मग आई चहा आणत असे.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मोरू आला. सायकल कुंपणाला टेकवून तो बाहेरूनच ओरडत आला.

"काका, झोपले की विचार करून रायले?"

"तू आला ना. आता दोन्ही नाही होत."

मोरू खाटेच्या पायथ्याशी बसला. तो माझ्याहून थोडा मोठा, मनानं मोकळा. कामात हात साफ होता. यंदा खेरडेंच्या नर्सरीचं काम त्याच्याकडे आलं होतं. आजवर ते बाबांचं असे.

"जंभेरीची साल मस्त सुटून रायली," तो म्हणाला. "नख लावलं की उचलते. पण थंडी पडली तर चिकटून बसन. लवकर सुरू करा लागते."

"कर मंग. कोणी अडवलं?"

मोरूनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले आजोबाचा चाकू पाहिजे होता."

आई चुलीपुढे होती. तिनं भाकरी उलटली आणि तव्याकडे पाहतच विचारलं, "पाहिजे होता म्हणजे?"

"म्हणजे हंगामापुरता, काकू. माह्या चाकूची धार दुपारपावतर टिकत नाही. त्या पोलादाची गोष्ट येगळी हाय."

"तुह्या बापानं हंगामापुरता नेलेला नांगर अजून तुमच्याच दारात उभा हाय."

"काकू, त्या नांगराचं आता काय उरलं? नुसता दांडा हाय."

"दांडा तरी आणून दे."

मोरू हसला. आई हसली नाही. "आणि यांचा हात आला मंग?" तिनं विचारलं.

मोरूचं हसणं थांबलं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी कुठी म्हटलं नाही येणार म्हणून?"

तव्यावरची भाकरी करपली. मग बाबा म्हणाले, "मोऱ्या, चार दिवसांनी ये."

"देसान?"

"चार दिवसांनी ये म्हटलं ना."

सायकल घेताना मोरू मला म्हणाला, "वने, बांधायले येशीन? तुह्यासारखी गाठ कोणाची नाही बसत."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चाकू त्याला जाणार हे मला तेव्हा पक्कं वाटलं. घराण्यात तो एकच मुलगा होता, आणि माझं लग्न आज ना उद्या व्हायचंच होतं. बाबांनी ते चार तुकडे पाहिले, त्यावर विचार केला आणि अखेर जे होतं तेच ठरवलं, असं मी समजले. आत जाऊन भांडी घासत बसले.

*

मोरू गेल्यावर थोड्या वेळानं बाबांनी हाक मारली. "वना, कुरुंदाचा दगड काढ."

आई खूष झाली. "धार लावता? लावा, लावा. तयार असलेला बरा." पाण्याचं तपेलं तिनं स्वतः आणून ठेवलं आणि शेजारी तुरीची डाळ निवडत बसली.

बाबांनी पातं उघडलं. धार लावताना पातं दगडावर आडवं निजवतात. त्यांनी ते उभं धरलं, धार सरळ खाली, आणि दगडावर घासलं.

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. काच किसल्यासारखा होता. आईच्या हातातलं सूप थांबलं.

"अवो, हे काय करता? धार मारून रायले तुमी!"

"हाव."

"काऊन?"

"जुनी मेल्याशिवाय दुसरीकडून लावता येत नाही."

"दुसरीकडून कायले?"

"वनाच्या हातासाठी." त्यांनी पातं वर करून तिला दोन्ही बाजू दाखवल्या आणि सगळं समजावून सांगितलं. मला कधी काही समजावताना सांगत तसंच, हळू, एकेक करून. शेवटी म्हणाले, "पोरीचा हात चांगला हाय. चाकू तिच्या हाताचा नव्हता. मले नाही समजलं."

मी तपेलं धरून उभी होते.

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर मऊ झाला. मग तिची नजर पात्यावर गेली.

"तिच्यासाठी नवा घ्या," ती म्हणाली. "मोर्शीच्या बाजारात ढिगानं मिळते. तो डावीकडून घासा, उजवीकडून घासा, काय करायचं ते करा."

"नवा नाही."

"काऊन नाही?"

बाबा पातं पुन्हा दगडाकडे नेऊ लागले. आई उठली आणि तिनं त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला. तो सहज निघाला. इतका सहज की ती स्वतःच दचकली. पूर्वी बाबांच्या मुठीतून कोणी काही काढून घेऊ शकलं नसतं. ती चाकू घेऊन आत गेली. मी दारातून पाहिलं. धान्याच्या कोठीला पाठ लावून ती बसली होती, चाकू पदरात होता.

"लीला," बाबांनी हाक मारली. नाव घेऊन हाक मारताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं.

आत बांगड्या वाजल्या.

"अवं, लीला."

"हात आला मंग काय करसान?" ती आतून म्हणाली.

"हात आला तर पहिल्यांदा विहिरीचं पाणी भरून देईन तुले. इतक्या वर्षांत एक बादली नाही दिली."

"थट्टा नका करू."

"थट्टा नाही. चाकू लय धरला त्यानं. आला तर दुसरं काही करीन."

"डॉक्टर म्हणले होते येईन."

"येईन किंवा नाही येणार म्हणले होते. तवा तू दरवाज्यापावतर पोचली होती."

कोंबड्या अंगणात आल्या, तुरीच्या डाळीत चोच घालू लागल्या, तरी कोणी त्यांना हाकललं नाही. मग आई बाहेर आली. तिनं चाकू बाबांपुढे जमिनीवर ठेवला. धारेची वस्तू आमच्याकडे हातोहात देत नाहीत. बाबांनी तो उचलला.

त्यांनी पुन्हा घासायला सुरुवात केली, पण दगड एका हाताच्या जोरानं पुढे सरकत होता. मी तपेलं ठेवून दगड धरायला वाकले. आईनं माझा हात बाजूला केला. बाबांच्या मांडीवरून तिनं त्यांचा उजवा हात उचलला, दगडाच्या टोकावर ठेवला आणि त्यावर स्वतःचा तळहात दाबला.

"आता घासा," ती म्हणाली.

दगड हलला नाही.

ते काम लवकर होणारं नव्हतं. लोहाराच्या चाकावर झटक्यात झालं असतं, पण चाकावर पातं तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं, म्हणून बाबांना तिकडे न्यायचा नव्हता. जुना उतार पूर्ण झिजेपर्यंत धार मारायची होती, मग सपाट बाजूला नवा उतार काढायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघं पुन्हा बसली. मी पाणी सोडत होते. दगडावरून काळं पाणी ओघळत होतं. पातं अरुंद होत गेलं. आजोबांच्या वेळचा एक निळसर डाग पात्याच्या कडेला होता, तो दुपारी नाहीसा झाला. बाबांनी बोटानं त्या जागी चाचपून पाहिलं आणि घासत राहिले. मध्ये मध्ये आईचा हात अवघडला की ती बदलायची, डावा काढून उजवा ठेवायची. बाबांचा हात मात्र खाली तसाच असायचा.

दिवेलागणीला ती तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आली. त्या हाताला ती रोज तेल चोळत असे. बाबा खाटेवर टेकले होते. तिला पाहून त्यांनी डाव्या हातानं उजवा हात पोटाशी ओढून घेतला.

"आता कायले?"

"दिवसभर दगड धरून होता तो," आई म्हणाली. "थकला असन."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात तिच्या मांडीवर ठेवू दिला.

*

चाकू तयार झाला तेव्हा बाबांनी तो माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. मी डाव्या हातात घेतला. शिंगाच्या मुठीला एका बाजूला अंगठ्याएवढा गुळगुळीत खड्डा होता, आजोबांच्या आणि बाबांच्या अंगठ्यानं पडलेला. माझा अंगठा दुसऱ्या बाजूला आला. तिथं मूठ सपाट होती.

"इथं धरता येत नाही," मी म्हटलं.

"तुहा खड्डा तुले पाडा लागन. आयता नाही भेटत. काप."

मी नवी डोळकाडी घेतली. पातं डोळ्याखालून गेलं आणि सरळ वर आलं. ढालीच्या आकाराचा पूर्ण डोळा माझ्या अंगठ्यावर पडला. पाठ ओली आणि सपाट होती. मी तो बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला.

"देठ जरा लांब ठेव," ते म्हणाले. "आणि आणखी काढ."

मी काढत राहिले. आई चुलीजवळून पाहत होती. तिनं काही म्हटलं नाही, पण चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

मोरू ठरल्याप्रमाणे आला. सायकलीला पट्ट्यांचं बंडल बांधलं होतं, म्हणजे थेट नर्सरीतच जायच्या तयारीनं आला होता.

"काका, आलो."

"ये. तिथं चाकू हाय. उचल."

मी जागेवरच थिजले. आईही थबकली. आम्हा दोघींना वाटत होतं की चाकूचं काय ते ठरलं आहे. बाबांनी आम्हाला डोळ्यानंही काही खुणावलं नाही. मोरूनं चाकू उचलला, पातं उघडलं.

"पातं लहान झालं का, काका?"

"कापून पाह्य."

मोरूनं माझ्या पुढ्यातली काडी घेतली. त्याचा हात मी जवळून ओळखत होते. डोळ्याखालून पातं घालून एका ओढीत डोळा काढायचा. त्यानं ओढलं. पातं उसळलं आणि डोळा मधोमध छाटला गेला. त्याला आधी हसू आलं. मग त्यानं दुसरा डोळा सांभाळून काढायला घेतला. तोही गेला.

"काका, चाकू बिघडला."

"बिघडला नाही. वना, दाखव."

मी चाकू घेतला आणि डाव्या हातानं कापलं. पूर्ण डोळा निघाला. मोरूनं तो पाहिला, मग माझा हात पाहिला, मग चाकू मागून घेऊन पात्याच्या दोन्ही बाजूंवर बोट फिरवलं. कामाचा माणूस होता, त्याला लगेच समजलं.

"मले सांगायचं होतं," तो म्हणाला. दुखावला होता. "मी मागितला नसता, काका. मी काय ओढून नेणार होतो?"

"तू नसता मागितला," बाबा म्हणाले. "तू चांगला हाय. पण उद्या तुह्या पोरानं मागितला असता. वनाच्या लग्नात कोणी म्हटलं असतं, घराण्याचा चाकू हाय, घराण्यात राहू द्या. दुसऱ्यानं कायले, मीच म्हटलं असतं." ते थोडे थांबले. उजवा हात मांडीवर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि हा तर रोज सकाळी उठल्याबरोबर मागत होता. पहिल्यांदा यालेच सांगा लागलं, की तुहा नाही आता."

नवा चाकू का नको, असं आईनं विचारलं होतं. त्याचं उत्तर तिला मिळालं. ती उठली आणि घरात गेली. आतून पेल्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं.

मोरूनं चाकू मिटला. मला देण्यासाठी हात पुढे केला, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो जमिनीवर ठेवला.

"म्हणजे माह्याबरोबर कापायले ही?"

"हाव."

"खेरडे काय म्हणतीन? बाई कापून रायली म्हणून?"

"डोळा लागला की काही म्हणत नाही कोणी."

"आणि बांधायले कोण? दोन माणसांच्या मागं बांधायले तिसरं माणूस पाहिजे."

"मी हाय ना," आई म्हणाली. "मले काय गाठ येत नाही? वनाले कोणी शिकवली?"

मोरूनं चहाचा घोट घेतला. "काकू, तुमी आल्या तर तो नांगर मलेच रोज ऐका लागन."

"आणून दिला तर नाही ऐका लागणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही खेरडेंच्या नर्सरीत गेलो. एक सोय अशी झाली, जी कोणी आधी लक्षात घेतली नव्हती. मोरू उजव्या हाताचा, मी डाव्या हाताची, त्यामुळे एकाच वाफ्यात शेजारी शेजारी, तो उजवीकडे आणि मी डावीकडे बसून, आम्ही एकमेकांच्या कोपराला न लागता कापू शकत होतो. त्याची ओळ त्याच्या बाजूची, माझी माझ्या बाजूची. आई मागून सरकत दोघांच्या पट्ट्या बांधत होती. खेरडे पहिल्या दिवशी दोन वेळा येऊन माझ्या मागे उभे राहिले. नंतर आले नाहीत.

त्या चाकूनं मी पुढे बरीच वर्षं कापलं. आधी दुसऱ्यांच्या नर्सरीत, मग स्वतःच्या. लग्नात तो माझ्याबरोबर आला. तो घरी ठेवा, असं कोणी म्हटलं नाही, कारण घरी तो कोणाच्याही कामाचा नव्हता. बाबांचा हात शेवटपर्यंत आला नाही.

त्या पहिल्या हंगामात पट्ट्या सोडायची वेळ आली तेव्हा खेरडेंनी बाबांना आणायला बैलबंडी पाठवली. मोरूनं आणि मी त्यांना धरून खाली उतरवलं आणि वाफ्याच्या कडेला पाटावर बसवलं. डोळा लागला की नाही हे कळायला साधी खूण असते. डोळ्याच्या शेजारी देठ ठेवलेलं असतं, त्याला बोट लावायचं. डोळा जिवंत असेल तर देठ बोट लागताच गळून पडतं. मेला असेल तर ते काळं पडून तिथंच चिकटून राहतं.

बाबांनी डाव्या हाताचं बोट पहिल्या देठाला लावलं. ते गळून पडलं. दुसरं पडलं. मी त्यांच्या पाटाबरोबर वाकून पुढे सरकत होते. तिसरं, चौथं. ते नुसतं बोट लावत होते. मोरू मागे उभा होता. आई वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पदराचं टोक हातात धरून थांबली होती.

ओळीच्या मध्यावर एक देठ पडलं नाही. बाबांनी पुन्हा बोट लावलं. देठ काळं होतं, वाकलं आणि तसंच राहिलं.

"हा मोऱ्याचा," बाबा म्हणाले.

"काका, ही ओळ वनाची हाय," मोरू म्हणाला. "माही तिकडली."

बाबांनी त्या डोळ्याकडे नीट पाहिलं. मग पाट पुढच्या रोपाकडे सरकवायची खूण केली.

"मंग डोळाच खराब असन," ते म्हणाले.